ताबा: रिकामा

जप्त झालेली घरं बाहेरून वाचायची, हे त्याचं काम. बँक लिलावाआधी सील उघडत नसे. मग भिंतींची ओल बघायची, शेजाऱ्यांना बोलतं करायचं, मीटर वाचायचे. त्याच्या वहीत प्रत्येक घराला एक पान होतं आणि पानावर शेवटचा रकाना ‘ताबा’. तिथे ‘रिकामा’ लिहिता आलं नाही, तर तो बोली लावत नसे. अशी एकोणीस घरं त्याने लोकांना घेऊन दिली होती. स्वतः मात्र पाचव्या भाड्याच्या घरात राहत होता.

विसावं घर स्वतःसाठी होतं. बायकोची अट एकच होती. “कुणाला उठवून आपण बसायचं नाही. आत माणूस असेल, तर ते घर मला दाखवूही नका.”

दोन वर्षं बंद असलेलं घर. सील शाबूत, खिडक्यांना आतून कड्या. फाटकाजवळचा पाण्याचा मीटर तेवढा पुढे सरकला होता. गळती, त्याने नोंदवलं. तरी सवयीने तो आकडे घेत राहिला. गळती दिवसभर चालते. हा मीटर सकाळी सहाला फिरे आणि सव्वासहाला थांबे. दोन बादल्या. रोज.

समोरच्या शिंप्याला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आधीचे मालक? सहाच्या ठोक्याला आंघोळ!” शिंपी दाताने दोरा तोडत म्हणाला. “बायको दार बडवायची, हे आतून ‘झालंच, झालंच’. अख्ख्या गल्लीला पाठ.”

“आता कुठे असतात?”

“बाई गेल्या ते पाहिलं. मुलं गेली, सामान गेलं.” शिंप्याचं मशीन थांबलं. “ते स्वतः बाहेर पडलेले मी काही पाहिले नाहीत. का हो, तुम्ही घेताय की काय?”

वहीवर पेन बराच वेळ थबकलं. मग त्याने ‘रिकामा’ लिहिलं. बायकोला मीटरबद्दल सांगितलं नाही. लिलावात दुसरी बोली आलीच नाही.

सील त्याच्यादेखत तुटलं. फरशीवर धुळीचा सलग थर होता, त्यावर एकही पाऊल नाही. न्हाणीघर कोरडं ठणठणीत, नळ गंजून घट्ट बसलेला. प्लंबरने तो बदलला, पाइप तपासले.

“गळती कुठेच नाही, साहेब. हवीच असेल तर करून देतो.”

सगळे हसले. तोही हसला.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी त्याला सहाला पाच मिनिटं असताना जाग आली. मायलेकी झोपल्या होत्या. खांद्यावर टॉवेल टाकून, दार नुसतं लोटून तो फाटकापाशी आला आणि मीटरसमोर उकिडवा बसला.

सहाला काटा फिरू लागला.

बायको उठली असेल, त्याने स्वतःला समजावलं.

आतून टकटक ऐकू आली. न्हाणीघराच्या दारावर.

“अहो, नव्या घरातसुद्धा तेच का? आवरा, पोरीची शाळा आहे.”

“झालंच,” आतून उत्तर आलं.

आवाज त्याचाच होता.

काटा थांबला.

तो धावत घराच्या दाराशी आला. दाराला आतून कडी होती. त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं.

“इतक्या सकाळी कोण आलंय?” बायकोचा आवाज आला. “अहो, बघता का जरा?”

“बघतो.”

ओली पावलं दाराकडे येऊ लागली.