वरच्या खोलीतली ऊब

दिवा तिथेच राहू दे, खिडकीत नको. बस इथे. सांगते.

त्या दुपारी मी रॉकेल आणायला गेले होते, बाकी काही नाही. रेडिओवर वादळाचा इशारा होता, आणि स्कॉटलंडच्या टोकाच्या आमच्या ऑर्कनी बेटांवर वादळ आलं की वीज जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. हिवाळ्यात इथे दुपारीच दिवेलागण होते. मी डबा घेऊन परतले तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळेनासं झालं होतं. वीज गेली होती, घर काळंठिक्कर होतं.

किनाऱ्यालगतचं ते जुनं दगडी घर मी नुकतंच घेतलं होतं. राहायला मी एकटी. पण त्या महिन्यात सोबतीला टॉफी होता. टॉफी म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, एरलंडचा, पाळलेला अजगर. एरलंड समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला जातो, आणि गेला की त्याचं हे लाडकं ध्यान माझ्या गळ्यात पडतं. हरणं गिळणारा अजगर नव्हे हं. हातातल्या काठीएवढा लांब, तपकिरी-पिवळा, आणि असा लाजाळू की अनोळखी माणूस आलं तर स्वतःच्याच वेटोळ्यात तोंड लपवायचा. शेजारची म्हातारी टॉमिना मात्र त्याच्या नावानं बोटं मोडायची. "देवानं एवढी काळजी घेऊन या बेटांवर एक साप ठेवला नाही," ती म्हणायची, "आणि तुझा दीडशहाणा भाऊ पैसे मोजून घेऊन आला!"

मी दिवा लावला आणि बैठकीत गेले. टॉफीच्या काचेच्या पेटीवर त्याला ऊब देणारा दिवा असायचा. तो विझला होता. झाकण एका कोपऱ्यातून उचललेलं. पेटी रिकामी.

फोनला अजून थोडा जीव होता. एरलंडला लावला.

"ओरडू नकोस आधी," मी म्हटलं. "टॉफी सुटलाय."

तो ओरडलाच. मग शांत झाला. "इंगा, नीट ऐक. गारठला तर मरेल तो. आणि त्याला शोधत बसू नकोस, ऊब शोध. अंधारात तो डोळ्यांनी बघतच नाही. ओठांवर खाचा असतात ना त्याच्या, त्यांनी त्याला ऊब दिसते. घरात सगळ्यात उबदार काय असेल, तिथे तो जाणारच."

एवढं बोलला आणि फोन मेला.

घरात उबेची जागा एकच, स्वयंपाकघरातली कोळशाची शेगडी. तिच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं, लाकडाच्या पेटीत हात घातला. नाही. अंथरुणं झटकली, बुटांत हात घातले, कोटांचे खिसे चाचपले. बाहेर वारा भिंतींना अंग घासत होता. प्रत्येक खोलीत माझ्याच श्वासाची वाफ माझ्याआधी पोचत होती.

तेवढ्यात मागलं दार वाजलं. टॉमिना होती. डोक्यावर शाल, हातात सूपचं भांडं. "एकटी बसली असशील म्हणून आले," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून, "काय गं? तो सुटला का?"

मी मान हलवली. वाटलं, ही आता उलट्या पावली पळणार. पण तिनं भांडं शेगडीवर ठेवलं आणि विचारलं, "शेगडीपाशी नाही?"

"नाही."

तिनं छताकडे नजर टाकली. "वरची बघितलीस?"

"वरच्या खोलीत कसली ऊब? खिडकीतून वारा येतो तिथे. मी तर साधी खोकीसुद्धा ठेवली नाहीत."

"बघ तरी…" टॉमिना म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "आमचं मांजर हिवाळ्यात हरवलं, की आम्ही इथेच यायचो. वर…"

"मग चला की माझ्याबरोबर."

"मी इथे थांबते. गुडघे दुखतात माझे." हेच गुडघे घेऊन ती वादळातून शेत ओलांडून आली होती.

जिना अरुंद होता. चढताना गारठा हाडांत शिरत होता. वरच्या दाराशी मात्र मी थांबले. कडी हाताला गार लागायला हवी होती. ती गार नव्हती.

दार ढकललं. आधी वास आला. ओल्या लोकरीचा, आणि रात्रभर कुणी झोपून नुकतंच उठलेल्या अंथरुणाचा. खोलीत अंथरूण नव्हतं. एक जुनी लाकडी खुर्ची तेवढी होती, घराबरोबर आलेली, खिडकीकडे तोंड केलेली. तिच्या हातावर टॉफी होता.

माझ्या जिवात जीव आला. "अरे लबाडा…" म्हणत मी पुढे झाले, दिवा उंच केला, आणि पाय जागीच थिजले.

टॉफीनं खुर्चीच्या हाताला विळखा घातला नव्हता. तो हाताच्या वर, अधांतरी होता. तीन वेढे एकाशेजारी एक, बांगड्यांसारखे, आणि आतून पोकळ. आपल्या मनगटावर बसतो ना तो, अगदी तसा. फक्त आत मनगट नव्हतं. डोकं त्यानं निवांत टेकवलं होतं… कशावर टेकवलं होतं ते मला दिसत नव्हतं. जीभ सावकाश आत-बाहेर होत होती.

पळून जावं असं वाटलं. पण तो एरलंडचा जीव की प्राण, आणि मी त्याला शब्द दिला होता. हात पुढे केला. टॉफीचे वेढे घट्ट झाले. त्याला यायचं नव्हतं. मी हलकेच ओढलं, आणि मग ते वेढे सैल पडले, एकेक करून. त्यानं सोडलं असं नाही. कुणीतरी आपला हात त्यातून हळूच काढून घ्यावा, तसे.

खुर्ची कुरकुरली. मी त्याला छातीशी धरून जिना कसा उतरले, आठवत नाही.

खाली टॉमिनानं, जन्मात कधी सापाला न शिवलेल्या बाईनं, एक बोट पुढे करून त्याच्या पाठीला लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम आहे गं…"

होता. उन्हात ठेवलेल्या दगडासारखा.

"टॉमिना, कोण राहायचं वर?"

ती शेगडीकडे बघत राहिली. "कुणी राहिलं असतं तर बरं होतं, पोरी. नाव तरी घेता आलं असतं. मी लहान होते तेव्हापासून ती खोली रिकामीच आहे."

सूप तसंच राहिलं. त्या रात्री मी टॉफीला कोटाच्या आत घालून टॉमिनाकडे झोपायला गेले. नाताळापूर्वी घर सोडलं. एरलंड येऊन टॉफीला बोटीनं ॲबर्डीनला, त्याच्या नव्या घरी घेऊन गेला. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण त्याला पटलंही नाही. "गरम पाण्याचा पाइप जात असेल भिंतीतून," एवढंच म्हणाला.

वसंतात मी त्याच्याकडे गेले. चौथ्या मजल्यावरचं घर, खाली रहदारी, भर दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं. आमच्या बेटापासून एक समुद्र मध्ये टाकून आलेली मी, खरंच निर्धास्त होते. एरलंडनं चहा ओतला आणि टॉफीला पेटीतून काढलं.

"घे गं, घाबरट. तुझी आठवण काढत होता."

त्यानं तो माझ्या खांद्यांवर ठेवला. तो ओळखीचा भार, तो गार स्पर्श. बरं वाटलं मला. टॉफी क्षणभर स्थिर राहिला. मग मान उचलून तो माझ्या उजव्या खांद्यावरून मागे सरकू लागला.

मी एरलंडला बेटावरच्या बातम्या सांगत होते. टॉमिनाच्या गुडघ्यांचं काहीतरी. तो ऐकत नव्हता. चहाचा कप त्याच्या ओठांपाशी थांबला होता, आणि तो माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत होता. तिथे कुणी नव्हतं. भिंतही बरीच लांब होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"इंगा…" तो कुजबुजला. "अर्ध्याहून जास्त बाहेर गेलाय तो. खाली का लोंबत नाहीये?"

मी वळले नाही. माझ्याच्यानं वळवेना. खांद्यावरचं ओझं मात्र हलकं होत चाललं होतं, सावकाश, वेढ्यामागून वेढा.