सतरा ठळक ओळी

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत संगणक विभाग म्हणजे एक टेबल, एक बाई आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत घरघरणारा सर्व्हर. बाईला सगळे वायरताई म्हणायचे. हे नाव तिला मुळीच आवडत नव्हतं. पण ज्याने ते पाडलं तो नोकरी सोडून गेला आणि नाव मागे राहिलं, मग भांडायचं तरी कोणाशी?

त्या मंगळवारी सकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या संगणकावरच्या मेलच्या प्रोग्राममध्ये सगळी पत्रं वाचलेली दिसत होती. सर्व्हरवर मात्र त्यांतली सतरा न वाचलेली होती, ठळक अक्षरांत, एकाखाली एक. साहेबांचं म्हणणं असं, की एक म्हणतो वाचलं, दुसरा म्हणतो नाही वाचलं, तर या दोघांचं पाचच्या आत एकमत करून द्या.

पाचची घाई का, ते वायरताईला ठाऊक होतं. त्या ऑफिसात न वाचलेलं पत्र म्हणजे पडून राहिलेली तक्रार, आणि वाचलेलं पत्र म्हणजे निकालात निघालेली. हा शोध साहेबांचाच. महिन्याच्या शेवटी ते सगळी पत्रं एकदम निवडायचे, एक बटण दाबायचे आणि हात झटकून चहा मागवायचे. एखाद्या इमारतीबद्दलचा न वाचलेल्या पत्रांचा आकडा शून्यावर आल्याशिवाय तिथल्या लिफ्टचं सुरक्षा प्रमाणपत्र छापलंच जाणार नाही, अशी व्यवस्थाही त्यांनी हौसेने बसवून घेतली होती. बसवून दिली होती वायरताईनेच. आज एका इमारतीच्या लिफ्टचं प्रमाणपत्र संपत होतं आणि तिच्या नावापुढे सतराचा आकडा ठाण मांडून बसला होता.

वायरताईने नेहमीचे उपाय केले. साहेबांच्या संगणकावर साठलेली जुनी यादी पुसली, खातं काढून पुन्हा जोडलं, सगळी पत्रं नव्याने उतरवून घेतली. दोन्हीकडे सतरा ठळक. तिने एकेक उघडून बंद केलं. दोन्हीकडे शून्य. ती खुर्चीवरून उठेपर्यंत सर्व्हरवर पुन्हा सतरा.

घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. कोणत्या पत्राची खूण कधी बदलली आणि कोणत्या यंत्रावरून, हे त्यात सेकंदासकट लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा चोर घरातलाच निघतो: कुठेतरी एक जुना फोन त्याच खात्याला चिकटलेला असतो आणि मनाला येईल तशा खुणा करत राहतो. इथे वेळ होती. यंत्राचा रकाना कोरा होता. तो कोरा राहूच शकत नाही.

तिने खात्याचा पासवर्ड बदलला. सतरा. मग जिन्याखाली जाऊन तिने सर्व्हरची नेटवर्कची वायरच उपटली. आता त्या यंत्राशी बोलू शकेल असं जगात एकच होतं, तिच्या हाताखालचा कीबोर्ड. तिने सतराही पत्रांवर वाचल्याची खूण केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसली. मिनिटभराने पहिली ओळ ठळक झाली. मग दुसरी. घाई नाही, गडबड नाही, शाळेत हजेरी घेतात तशी एकेक.

तिला आधी राग आला, भीती मागून आली. वीस वर्षं ती यंत्रांशी भांडत होती आणि आजवर एकाही यंत्राने तिला असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं.

"कोणाची आहेत गं ती?" तक्रारींच्या टेबलावरच्या काकूंनी वरून वाकून विचारलं. वायरताईने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि काकू दोन पायऱ्या खाली येऊन बसल्या.

पत्रं पाठवणारे कंपनीचे लिफ्ट तपासनीस तीन महिन्यांपूर्वी वारले होते. घरीच, झोपेत. शांत, हट्टी माणूस. खिशात कायम मोजपट्टी. काकूंनी आठवून आठवून सांगितलं, की ही सतराची भानगड सुरू झाली तीही तेव्हापासूनच. ते गेल्याच्या दुसऱ्या सकाळी साहेबच ओरडले होते, मेलला काय झालंय म्हणून.

वायरताईने वायर जोडली आणि जे तिने सकाळपासून टाळलं होतं ते केलं. ती पत्रं वाचायला बसली. दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत हा तिचा नियम होता. बिघाड शोधायचा, मजकुरात नाक खुपसायचं नाही. आज तिने तो मोडला.

चौथ्या मजल्यावर व्यायामोपचाराचं केंद्र असलेली इमारत. येणारे बहुतेक कुबड्यांवर, चाकाच्या खुर्चीत. पहिल्या पत्रात लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबत होती. पाचव्यात चार बोटं. आठव्यात दोराच्या सात तारा तुटल्या होत्या, अकराव्यात एकोणीस. चौदाव्यात ब्रेक धरून सोडत होता. प्रत्येक पत्रात आकडे, तारीख, आणि शेवटी एकच विनंती: दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. सतराव्यात आकडे नव्हते. तिथे लिहिलं होतं, "आज एका आजींनी मला विचारलं, ही थांबताना अशी दचकते का? मी उत्तर दिलं नाही. उत्तर तुम्ही द्यायचं आहे."

वाचून संपलं तेव्हा तिचा चहा निवला होता. पत्रं ठळकच होती. तिने वाचण्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

दुपारी अडीचला ती साहेबांसमोर उभी राहिली. त्यांनी उपायही शोधून ठेवला होता: सर्व्हरलाच आतून हुकूम द्या, की या सतरा वाचलेल्या आहेत, आणि खूण पुन्हा बदलायची सोयच बंद करून टाका. जमेल ना? जमण्यासारखं होतं. एका ओळीचं काम होतं.

"साहेब, ही पत्रं तुम्ही वाचलीत?"

"वाचलीत की. दिसत नाही का, माझ्याकडे सगळी वाचलेली आहेत."

"काय लिहिलंय त्यात?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, की पगार घेता तो यंत्रं नीट ठेवण्याचा, माझी परीक्षा घेण्याचा नाही. काम होणार नसेल तर उद्यापासून यायची गरज नाही.

तिच्या घरी शिकणाऱ्या दोन मुली होत्या आणि नवऱ्याची नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. तिला हे सगळं आठवलं. तरीही तिला वाटलं, यंत्रसुद्धा खोटं बोलायला नकार देतंय आणि आपण काय त्याच्याहून गयेगुजरे? ती टेबलावर परतली आणि तिने साहेबांना चार ओळी लिहिल्या, त्याच इमारतीच्या नावाखाली:

"ही सतरा पत्रं मी वाचली आहेत.
तुम्ही वाचलेली नाहीत.
ती वाचली असं मी सर्व्हरला खोटं सांगणार नाही.
लिफ्ट आज बंद राहील."

त्याच पत्राची प्रत तिने इमारतीच्या व्यवस्थापकाला पाठवली आणि वर फोनही केला. माणूस सरळ होता. लेखी मिळालंय ना, मग झालं, असं म्हणून त्याने लिफ्टला कुलूप घातलं.

सर्व्हरवर आता अठरा ओळी ठळक होत्या. अठरावी काही क्षण साधी झाली. केबिनमध्ये साहेबांनी ती उघडून बंद केली असणार. मिनिटभराने ती पुन्हा ठळक झाली. तिचं स्वतःचं पत्र, ती जिवंत असताना. वायरताईच्या मानेवर काटा आला. पण तिने कीबोर्डला हात लावला नाही. बरं झालं, असंही तिला वाटलं.

साहेब तणतणत बाहेर आले. व्यवस्थापकाने फोनवर त्यांना सांगितलं होतं, की तुम्ही स्वतः येऊन माझ्यासमोर लिफ्टमध्ये बसा, तरच मी कुलूप काढतो. "बसून दाखवतो," असं सगळ्या ऑफिसाला ऐकवून ते गेले. रागाच्या भरात त्यांचा फोन केबिनमधल्या टेबलावरच राहिला.

चार वाजून बारा मिनिटांनी पहिलं पत्र साधं झालं.

वायरताई वाट बघत राहिली. मिनिट झालं, दोन झाली. ते पुन्हा ठळक झालं नाही. तीन मिनिटांनी दुसरं साधं झालं, मग अडीच मिनिटांनी तिसरं. माणसाला एक पत्र नीट वाचायला लागतो तेवढाच वेळ. लांब पत्राला जास्त, आखूड पत्राला कमी.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. संगणक बंद होता. फोन उपडा पडला होता, थंड. तिने परत येऊन नोंदवही पाहिली. यंत्राचा रकाना कोरा.

नवव्या पत्राला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. व्यवस्थापक होता. साहेब तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये अडकले होते. वीज गेली होती, अग्निशामक दल निघालं होतं.

"ठीक आहेत ना?" तिने विचारलं.

"आधी ओरडत होते. आता गप्प आहेत. पण आतून हळू आवाज येतोय. कोणीतरी काहीतरी वाचत असल्यासारखा."

"काय वाचताहेत?"

"नीट कळत नाही. आत दिवा नाही हो ताई."

दहावं साधं झालं. अकरावं.

काकू म्हणाल्या, बंद कर ते यंत्र, ऊठ, घरी जाऊ.

"नाही. होऊ दे वाचून."

पंधरावं. सोळावं. सतराव्याला चांगला वेळ लागला.

मग अठरावं, तिचं, साधं झालं. लगेच ठळक झालं. पुन्हा साधं झालं, आणि तसंच राहिलं.

इमारतीच्या नावापुढे शून्य आलं. प्रमाणपत्र छापू का, असं सर्व्हरने विचारलं. तिने नको म्हटलं.

साडेपाचच्या सुमाराला फोन आला. या वेळी साहेबच होते, व्यवस्थापकाच्या फोनवरून. काही लागलं नव्हतं. आवाज मात्र इतका खाली गेला होता, की तिने फोन कानाशी दाबून धरला.

"लिफ्ट बंद ठेवा," ते म्हणाले. "दोर बदलेपर्यंत."

ती हो म्हणाली. त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुमचं पत्र," साहेब म्हणाले, "त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं."