उत्तर दरवाज्याचा पहारेकरी

उंबरसोंड बुडणार की राहणार, याचा निकाल ‘मायारण’ नावाच्या पडद्यावरच्या खेळात लागायचा होता. खोऱ्यातल्या पाच गावांपैकी एकाच्या जागी धरण होणार होतं आणि ती जागा खेळ जिंकणारं गाव ठरवणार होतं. तंटे असे मिटवायचा कायदा होऊन अकरा वर्षं झाली होती. लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं.

मायारणात राक्षस होते, उडते घोडे होते, मंत्र होते. सैनिक मात्र गावातलीच माणसं होती, किंवा त्यांचे स्वभावठसे. माणूस रोज शेकडो निर्णय घेतो. कुणासाठी थांबतो, कुणाला टाळतो, कुठे खोटं बोलतो. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून यंत्र त्याच्या मनाचा एक नमुना तयार करी. तोच हा ठसा. पेच पडला की माणूस जे करील तेच त्याचा ठसा करी. सेनापती हुकूम देई, पण तो पाळायचा की पळ काढायचा हे ठसाच ठरवी.

उंबरसोंडची सेनापती होती सुलभा गोडांबे. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. खेळाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे एक गड आणि तीनशे अकरा ठसे उरले होते. समोर राजेनगरचे एकोणीस हजार. बाकीची तीन गावं आपापल्या गडांत दारं लावून बसली होती. शाळेच्या पटांगणातल्या मोठ्या पडद्यावर उंबरसोंडच्या विजयाची शक्यता दिसत होती. तीन टक्के.

“सुलभाताई, दुपारपर्यंत शरण जायची मुभा आहे,” डॉ. मुग्धा केळुसकर म्हणाल्या. ठसे बनवणाऱ्या संस्थेने त्यांना सल्लागार म्हणून गावाकडे पाठवलं होतं. “शरण गेलात तर पुनर्वसनाला चांगली जमीन मिळेल. लढून हरलात तर उरेल ती घ्यावी लागेल.”

“जमीन चांगली असेल हो. पण ती उंबरसोंड नसेल,” सुलभा म्हणाली. “मला एक सांगा डॉक्टर. राजेनगरवाले भूलमंत्र टाकतात, तो नक्की काय करतो?”

“सैनिकाला आमिष दाखवतो. दरवाजा उघड, तुझी बायकोमुलं वाचतील, असं काहीतरी. कोणावर चालेल हे त्यांना कळत नाही. समोर दिसेल त्या पहारेकऱ्यावर टाकून बघतात.”

“आणि आपल्याला कळतं?”

डॉक्टर म्हणाल्या, “सेनापतीला स्वतःच्या सैन्यात कोण किती भुलेल याची यादी बघता येते. सहसा कोणी मागत नाही.”

“मला दाखवा.”

यादीत पहिलंच नाव होतं अनंत गोडांबे. सुलभाचा धाकटा भाऊ, गावाच्या पाणीटाकीवरचा वॉल्व्हमन. आई गेल्यावर सुलभानेच त्याला वाढवलं होतं. नावापुढे आकडा होता ब्याण्णव टक्के.

“मुलीच्या जिवाचं आमिष दाखवलं तर,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “त्याला मागे ठेवा. स्वयंपाकघरात वगैरे.”

सुलभाने अनंतच्या ठशाला उत्तर दरवाज्यावर पहाऱ्याला उभं केलं. एकट्याला.

त्या दरवाज्याच्या आत एक अरुंद खिंड होती आणि खिंडीच्या डोक्यावर गडाचा तलाव. उरलेले तीनशे दहा ठसे तिने तलावाच्या बांधावर नेले. मग इतर तीन गावांच्या सेनापतींना निरोप धाडला: “मला मदत करू नका. राजेनगरचं सैन्य माझ्या गडात शिरलं की फक्त त्यांची परतीची वाट अडवा. आज मी गेले, तर उद्या तुमच्यातलं कोणीतरी.”

दोघांनी होकार कळवला. तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही.

दुपारी राजेनगरने भूलमंत्र टाकला. पटांगणात सगळं गाव बसलं होतं. अनंतही होता, मुलीला मांडीवर घेऊन. पडद्यावर त्याचा ठसा जरा वेळ डोकं धरून उभा राहिला. मग त्याने अडसर काढला आणि दरवाजा उघडला.

पटांगणातल्या बायका वळून अनंतकडे बघू लागल्या.

राजेनगरचं सैन्य राक्षसांसकट खिंडीत घुसलं. विजय नक्की समजून त्यांनी आपला मुकुटही सोबत आणला होता. आघाडीवरच्या गावाचा मुकुट जिंकील तो खेळ जिंकील, असा नियम होता. शेवटची तुकडी आत आली तेव्हा सुलभाने बांध फोडायला सांगितलं. काही ठसे पळाले, बहुतेक थांबले. पाणी खिंडीत कोसळलं. मागे फिरलेल्यांना दोन गावांच्या सैन्यांनी अडवलं. पाऊण तासाने मुकुट उंबरसोंडच्या हातात होता.

लोकांनी सुलभाला खांद्यावर घेतलं. ती खाली उतरली तेव्हा अनंत समोर उभा होता.

“अक्का, तुला माहीत होतं?”

“होतं.”

“किती?”

“ब्याण्णव.”

त्याने मान हलवली आणि मुलीला घेऊन घरी गेला.

चौथ्या दिवशी पाणीपुरवठा समितीने त्याच्याकडून टाकीच्या खोलीची किल्ली काढून घेतली. सुलभा बैठकीत धडकली. डॉ. केळुसकरही निघण्यापूर्वी तिथे आल्या होत्या. अनंत दाराशी उभा होता.

“त्याने काय केलंय?” सुलभाने विचारलं.

“अजून काही नाही,” समितीचे अध्यक्ष शंकरराव तुपे म्हणाले. “पण सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी आहे, सुलभाताई. उद्या कोणी त्याला धमकावलं तर?”

“डॉक्टर, सांगा यांना. खेळ होता तो.”

“खेळ होता,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ठसा खोटा होता, असं मला म्हणता येणार नाही.”

तेव्हा अनंत आत आला. आवाज चढवला नाही त्याने.

“शंकरकाका, मी दरवाजा उघडला नसता तर काय झालं असतं?”

“गाव बुडालं असतं.”

“म्हणजे मी इमानदार निघालो असतो तर गाव बुडालं असतं. मी फितूर निघालो म्हणून तुम्ही आज या खुर्चीत आहात. मी कसं असायला हवं होतं, ते एकदा ठरवून सांगा. आणि पंधरा वर्षं टाकी माझ्या हातात आहे. त्यात एक दिवस तरी पाणी चुकलं का, तेही सांगा. ठशाने काय केलं ते ठशाला विचारा. मी अजून काहीही केलेलं नाही, आणि काय करायचं ते मी त्या वेळी ठरवीन.”

सुलभाने टेबलावरची किल्ली उचलली. शंकररावांनी तिला अडवलं नाही. गाव वाचवणाऱ्या बाईला अडवणार कोण?

तिने किल्ली भावाच्या तळहातावर ठेवली. त्याने मूठ मिटली, पण किल्ली सुटेना. त्याने खाली पाहिलं. दुसरं टोक अजून सुलभाच्या बोटांत होतं. ती सोडायचा प्रयत्न करत होती, आणि अनंत तिच्या डोळ्यांत बघत थांबला होता.