न थांबलेली रेघ

थोरल्याची एक खोड शेवटपर्यंत गेली नाही. धाकटा कुठे अडला, की त्याच्या हातातलं हिसकावून घ्यायचं. "सोड, तुला नाही जमणार." सायकलची चेन असो, नाहीतर गिटार.

पुढचं सगळं खरं आहे. अक्काच्या डोळ्यांदेखत घडलंय. पोटची पोरंही तिला अक्काच म्हणतात, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून ती आजवर एक शब्द बोललेली नाही.

रात्र नव्हती. भर दुपार, आतली खोली.

थोरला अपघातात गेला, त्याला दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. त्याने बांधलेली एक धून त्याच्या मोबाईलमध्ये होती. पडद्यावर सहा आडव्या रेघा, त्यांवर आकडे. कुठली तार, कुठे दाबायची, एवढंच. मोबाईलने बरोबर सूर ऐकला की उभी रेघ पुढे सरकते. चुकलं, की थांबते.

उद्या ती धून धाकट्याला सगळ्यांसमोर वाजवायची होती. भावासाठी एवढं एकच.

अक्का दारात लसूण सोलत होती.

धाकटा वाजवत होता. धुनेच्या चौथ्या ओळीत रेघ थांबली.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच.

"बोटं आहेत का काकड्या?" अक्का म्हणाली.

धाकटा हसला. गिटार मांडीवर आडवी ठेवून बोटं चोळू लागला.

आणि रेघ... सरकली.

तारा गप्प होत्या. रेघ मात्र एकेक आकडा ओलांडत शेवटपर्यंत गेली.

"बिघडलाय तो डबा," अक्का म्हणाली.

धाकट्याने माइक बंद केला. "आता ठार बहिरा." धून पहिल्यापासून लावली.

रेघ थांबून राहिली.

मग... निघाली. चौथ्या ओळीत जराही अडखळली नाही.

समोरच्या स्टुलाची गादी... मधोमध दबलेली होती. शिकवताना थोरला तिथेच बसायचा.

"दादा आहे, अक्का," धाकटा पुटपुटला. "मला नाहीच जमणार."

तो गिटार खोळीत घालू लागला. उद्या नाही, पुढे कधीच नाही, हे अक्काला त्याच्या आवाजावरूनच कळलं.

"बस खाली," तिने धाकट्याला बजावलं.

ती उठली. घाबरावं, की गेलेल्या पोराला जवळ घ्यावं, हे तिला आजही उमगलेलं नाही. त्या गादीला ती अजून हात लावत नाही.

तेव्हा मात्र ती स्टुलासमोर जाऊन उभी राहिली.

"धून तुझी, कबूल. पण हात त्याचेच उरलेत. चुकेल तो. चुकू दे. तू गप्प बसून ऐक."