तिसरा फोटो

"उद्या सकाळी जेसीबी येतोय. आपली सातही झाडं जाणार," सम्राट धापा टाकत म्हणाला.

सुकन्याच्या हातातलं लिंबू खाली पडलं. जामखेडजवळच्या त्यांच्या गावात नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह अडकला होता; पण कित्येक वर्षांपूर्वी शाळेपुढची जागा सपाट करताना तो मुरमाखाली गाडला गेला होता, आणि तो नेमका कुठे हे कुणालाच आठवत नव्हतं. शेवटी पाणी समितीच्या आप्पासाहेबांनी अंदाजानं शाळेच्या कुंपणाकडे बोट दाखवलं आणि तिथे खणायचं ठरलं. तिथेच या दोघांनी तीन वर्षं डबड्यानं पाणी घालून कडुलिंब वाढवले होते.

"मग हा कॅमेरा सुरू व्हायलाच हवा," सुकन्या म्हणाली.

समितीचा हा स्वस्तातला जुना कॅमेरा आप्पांनी भंगाराच्या पोत्यात टाकला होता. तिनं तो मागून आणला होता. गावात कुठलंही काम निघालं की तीन फोटो काढायची रीत होती: आधी, चालू असताना आणि झाल्यावर. तिन्हींत आप्पा पाटी धरून उभे! मग व्हॉल्व्हचा फोटो नसेल, असं कसं होईल?

सेलच्या कप्प्यात हिरवा थर साचला होता. तिनं काडीला कापूस गुंडाळून तो लिंबाच्या रसानं पुसला, मग कोरड्या कापसानं टिपला. सम्राटनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल घातले. झाकणाची कडी मोडली होती, तिथे सुकन्याच्या वेणीचं रबर बसलं.

बटण दाबलं. लेन्स अर्धी बाहेर आली, करकरली आणि अडकली.

"गेला," सम्राट म्हणाला.

"थांब की जरा." तिनं कॅमेरा पालथा धरून हलकेच टिचक्या मारल्या, रंगाच्या ब्रशनं फट झाडली. वाळूचा कण पडला आणि लेन्स सरसर बाहेर आली!

दुसऱ्याच फोटोत काळ्याभोर केसांचे आप्पा खड्ड्याच्या काठावर उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह, काम चालू'. मागे शाळेचं दार, त्याच्या बरोबर वर पाण्याची टाकी. तिसरा फोटो मात्र नव्हता.

दोघं शाळेकडे पळाले. कधी जुना फोटो, कधी समोरचं दार पाहत सुकन्या मागे सरकत गेली. दोन्ही तंतोतंत जुळली, तेव्हा फोटोतल्या आप्पांच्या जागी सिमेंटचं बाकडं होतं. त्यावर बसून समितीची चर्चा रंगली होती.

"आप्पा, जरा उठता का?"

"का गं? हितं पान्याचा विषय चाललाय."

"व्हय, पण पानी तुमच्या खालीच हाय!"

आप्पांनी फोटो निरखला आणि ते उठले. सहा जणांनी बाकडं हलवलं. गुडघाभर खणल्यावर पहार ठण्णकन वाजली. व्हॉल्व्ह फिरवताच शाळेच्या नळाला खळखळून पाणी आलं. सुकन्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

"नऊ दिस त्याच्यावरच बसून भांडलो की आमी," आप्पा ओशाळून म्हणाले. "लई डोस्कं चालवलंत, पोरांनो. जेसीबीला नगं म्हनून सांगतो."

त्यांनी पाटीवर 'काम पूर्ण' लिहिलं, सवयीनं ती छातीशी धरली, आणि मग सुकन्याच्या हातात दिली.

तिसऱ्या फोटोत पाटी धरलेली सुकन्या, शेजारी सम्राट आणि मागे सात कडुलिंब आहेत. कोपऱ्यात आप्पांचा अंगठाही आला आहे.