चौथा नट

“सकाळी बघू” म्हणालास ना? बस खाली. चावी ठेव इथे. तुम्हीही बसा रे, आणि ते मोबाईल उलटे करून ठेवा. इंजिन ठोकत असताना ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरचा मला राग येतोच. पण न बघताच ‘काही नाही, टॅपेट आहे, व्हॉल्व्हची किरकोळ खडखड’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा त्याहून जास्त येतो. असा एक मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. खोटं वाटलं तर वाटू दे.

त्याला सगळे ठिणगी म्हणायचे. राग कायम नाकावर. पण कान मात्र देवाने दिलेला! लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटून आत काय झिजलंय ते सांगायचा. एकदाही चुकला नव्हता, आणि तेच त्याच्या डोक्यात गेलं होतं.

एका सोमवारी संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा व्हॅन घेऊन गॅरेजात आला. कारखान्यातल्या बायकांची शिफ्ट रात्री सुटली की त्यांना घरी सोडायचं त्याचं काम. व्हॅन पावणेपाच लाख किलोमीटर पळालेली. माणूस मऊ, दोनदा विचार करून एकदा बोलणारा.

“दादा, चढाला ठोकतंय. जरा बघता?”

ठिणगीने स्क्रू ड्रायव्हर लावला, ऐकलं आणि आम्हा चारचौघांदेखत म्हणाला, “टॅपेट.”

“टॅपेट टिकटिक करतं, दादा. हे कुणी आतून दार ठोठावतंय असं वाटतं.”

झालं! ड्रायव्हरने मिस्त्रीला शिकवायचं? ठिणगी भडकला. त्याने पाना उचलला. आता ही तपासणी कशी असते ते नीट ऐका. चालू इंजिनात एकेका सिलिंडरच्या डिझेल पाईपचा नट सैल करायचा. ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका थांबतो, त्याच्या पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग गेलेलं. ठिणगीने पहिला नट सैल केला. ठोका तसाच. आवळला. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच.

“बघितलंत? पटलं आता?” त्याने पाना फेकला आणि बॉनेट आपटलं.

“चौथं राहिलं, दादा.”

“माझ्या कानावर विश्वास नसेल तर दुसरा मिस्त्री शोधा, भाऊजी!”

चौथ्याला त्याने हात लावला नाही. तिथे दोष सापडला असता तर चारचौघांत शब्द गिळावा लागला असता. भाऊजींनी मान खाली घातली आणि गाडी नेली. आम्ही हसलो. हो, मीही हसलो.

नऊ दिवसांनी, बुधवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, शेवटच्या बाईला सोडून ते एकटे परत येत होते. पुलावर चौथा रॉड तुटला, इंजिन फोडून बाहेर आला, ऑइल चाकांखाली आलं. गाडी घसरून कठड्यावर गेली. माणूस जागच्या जागी गेला.

आणि ठिणगी काय म्हणाला? “इंजिनात ऑइलच नव्हतं. कोरडी पळवली गाडी.” उचलली जीभ, लावली टाळ्याला! होतं नव्हतं ते सगळं ऑइल पुलावर सांडलेलं, मोजणार कोण? मेलेला माणूस काय उत्तर देणार? गावभर तेच झालं, की स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. बहीण दारात येऊन म्हणाली, “ते रोज सकाळी पट्टी काढून ऑइल बघायचे, दादा. चहाच्या आधी. माझ्या माणसाला मेल्यावर तरी खोटं पाडू नकोस.” हा तिच्यावरच ओरडला. पडलो तरी नाक वर! ती गेली ती परत आली नाही.

मोडकी व्हॅन ओढून गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावली होती. बॅटरी काढलेली, टाकी रिकामी, इंजिनाला मूठ जाईल एवढं भोक.

महिना झाला. पुन्हा बुधवार. ठिणगी गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपायचा. त्याला आवाजाने जाग आली.

ठक... ठक... ठक...

घड्याळात दोन दहा. कुणीतरी शटर वाजवतंय असं वाटून तो शिव्या देतच खाली उतरला. शटरला आतून कुलूप. बाहेर रस्ता रिकामा.

आवाज मागून येत होता.

व्हॅनचं बॉनेट उघडं होतं. इंजिन चालू होतं. भोकातून आतला रॉड वर-खाली होताना टॉर्चमध्ये दिसत होता.

“कोण आहे तिथं? बाहेर ये!”

ठक... ठक...

पाना त्याच्या हातात कधी आला, त्याला कळलं नाही. त्याने पहिला नट सैल केला.

ठक.

दुसरा.

ठक.

तिसरा.

ठक.

हात थांबला. ड्रायव्हरच्या सीटवर अंधार होता... आणि त्या अंधारात कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

“चौथं राहिलं, दादा.”

आवाजात राग नव्हता. नेहमीसारखाच मऊ. तेच त्याला सोसेना. “रागवा ना! शिव्या द्या मला!” तो किंचाळला.



त्याने चौथा नट सैल केला.

ठोका थांबला.

“मला तेव्हाच ऐकू आलं होतं,” ठिणगी म्हणाला. “चौथाच होता, भाऊजी. मला माहीत होतं.”

उजाडलं तेव्हा तो तिथेच जमिनीवर बसलेला होता. चौथा नट सैल होता. आणि त्याच्या कामाच्या टेबलावर, स्वच्छ फडक्यावर, ऑइल मोजायची पट्टी ठेवलेली होती. वरच्या खुणेपर्यंत ऑइलने माखलेली.

ती पट्टी घेऊन तो अनवाणी बहिणीच्या दारात गेला. जाताना आम्हा चौघांनाही घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. तिने ऐकून घेतलं. पट्टी हातातून काढून घेतली.

“हेच त्या सोमवारी बोलला असतास,” ती म्हणाली, “तर माझा माणूस घरी आला असता.” आणि दार लावलं. सहा वर्षं झाली, त्याच्यासाठी ते उघडलेलं नाही. बरोबर केलं तिने. आम्ही हसलो होतो, त्याबद्दल मीही तिची माफी मागितली. मला आत घेते, पण चहा विचारत नाही.

ऊठ आता. पाना घे. चारही नट सैल करून बघायचे, मी इथे उभा आहे.

मागच्या आठवड्यात गेलो होतो तिच्याकडे. पट्टी दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मी हळूच बोट लावून पाहिलं.

ऑइल अजून ओलं आहे... आणि कोमट.