तो उठेपर्यंत

“पडलेला माणूस उठेपर्यंत कात्री लावायची नाही, पोरी. मग बघणारे जांभया देवोत नाहीतर शिव्या.”

संकलन शिकवणाऱ्या मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण आठव्या भागाचं संकलन करायला बसल्यावर ताईला तो खरखरीत आवाज आठवला आणि हसू आलं. आता कात्री राहिलीच होती कुठे? आणि ज्या चित्रपटासाठी हा नेम पाळायचा, त्याची लायकी ती काय! पहिल्या भागात नायकाने भावाचा सूड घेतला, दुसऱ्यात बहिणीचा, तिसऱ्यात चक्क स्वतःचा. नातेवाईक संपले तेव्हा शेजाऱ्यांचा. खलनायक जळून खाक झाला, की पुढच्या भागात त्याचा जुळा भाऊ हजर. आता तर नायकाचे गुडघेही गेले होते. शिळ्या कढीला ऊत आणायलासुद्धा काही धरबंध असावा!

एक गोष्ट मात्र प्रत्येक भागात ठरलेली. नायक उंचावरून पडणार, निपचित पडून राहणार आणि सावकाश उठणार. सगळं एका सलग शॉटमध्ये. समीक्षकांनी त्या लांबलचक शॉटची यथेच्छ टवाळी केली, पण मास्तर कधी बधले नाहीत. पडायचा अर्थातच नायक नव्हे. त्याच्या बदली दुसराच कुणीतरी पडे. या खेपेला तो ताईचा धाकटा भाऊ होता.

“उठताना कोण बघतंय हो, ताई?” तिच्या खुर्चीमागे उभा राहून निर्माता म्हणाला. “धाडकन पडला, धूर, पुढचा शॉट. आपला प्रेक्षक विचारबिचार करायला येत नाही.”

“ते दिसतंच आहे,” ताई म्हणाली, आणि उठण्याचा तुकडा कापून टाकला. उकिरड्यावर कसली फुलं वाहायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला खुर्चीतून उठायला वेळ लागला.

“म्हातारा झालो गं मी. तुझ्या हिरोसारखा.”

“शूटिंगमध्ये लागलं होतं का रे कुठे?”

“छे! त्याला झाले की कितीतरी दिवस. तेव्हा तर टुणकन उठलो होतो.”

डॉक्टरांनी हाड न् हाड तपासलं. सगळं जागच्या जागी होतं. आठवडा संपायच्या आत धाकटा अंथरुणाला खिळला. डाव्या कुशीवर, एक हात अंगाखाली, मान किंचित वाकडी. त्याला सरळ करायला गेलं की तो कळवळे. त्याला पाणी पाजताना ताईचा हात थबकला. असं पडलेलं तिने पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

ती तशीच संकलनाच्या खोलीत गेली. कापलेला तुकडा परत जोडायचा, बस्स. तिने मूळ चित्रण लावलं. धाकटा पडला. धूळ उडाली, खाली बसली. तो पडूनच राहिला.

तिला लख्ख आठवत होतं, तो उठला होता, पँट झटकून त्याने कॅमेऱ्याकडे बघत जीभ काढली होती. तिने दुसरी प्रत लावली. त्यातही तो पडूनच.

तिने कॅमेरामनला फोन लावला.

“धाकटा उठला होता ना हो, त्या शॉटमध्ये?”

“म्हणजे काय? जीभ काढून दाखवली की बेट्याने! का हो?”

“काही नाही.”

शॉट संपायची वेळ कधीच उलटून गेली होती. तो चालूच होता. पडद्यावर क्रेनची सावली लांबत गेली. माणसं आली, दिवे गुंडाळू लागली. एकाने तर धाकट्याला ओलांडूनच वायर ओढली. कुणी खाली पाहिलंसुद्धा नाही. ऊन कलायला लागलं.

ताईने घाबरून शॉट थांबवला. क्षणभरच. कसंसंच वाटलं, म्हणून पुन्हा चालू केला आणि तशीच घराकडे पळाली.

दुपारचं ऊन खिडकीतून थेट धाकट्याच्या तोंडावर आलं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “मघाशी तू थांबवलंस ना? श्वासच अडकला गं माझा.”



तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला. “ताई, अभिनंदन! आठवा तयार, आता नवव्याला लागायचं. थोड्या वेळात माणूस पाठवतो, आठव्याचं जुनं सगळं पुसून टाकेल. कचराच तो.”

“सगळाच कचरा आहे,” ताई हळू आवाजात म्हणाली. “पण माझ्या अंगावरून गेल्याशिवाय त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही.”

तिने फोन ठेवला.

“मी उठेपर्यंत चालू ठेवशील?” धाकट्याने विचारलं.

“ठेवीन.”

“कंटाळशील. भिकार सिनेमा आहे.”

“भिकारच आहे. तरी बघत बसेन. वचन दिलं.”

तो हसला. तिने त्याचं पांघरूण सारखं केलं. हाताला बारीक, करडी धूळ लागली. ती तिने पदराला पुसली, पाण्याची बाटली घेतली आणि चपला घातल्या.

“ताई, जाताना दिवा लावून जा ना. फार अंधार झालाय.”

उन्हाने खोली नुसती भरून गेली होती. ताईने दिव्याचं बटण दाबलं, दार अलगद ओढून घेतलं आणि भराभर जिना उतरू लागली.